दिवंगत माजी सैनिकांच्या सेवेची नोंद : शिळेपासून डिस्चार्ज बुकापर्यंत

देवगाव फाटा : रणांगणावर प्राण ठेवणाऱ्या जवानाचे नाव दगडावर कोरले जाते. पंधरा-वीस वर्षे सीमेवर काढून गावी परतलेल्या आणि पुढे वार्धक्याने निवर्तलेल्या जवानाच्या वाट्याला मात्र बहुधा कोणतीही शिळा येत नाही. त्याच्या सेवेचा पुरावा उरतो तो घरातील लोखंडी पेटीत, एका जीर्ण पुस्तिकेच्या आणि तीन-चार पदकांच्या रूपाने. सेलू तालुक्यातील देवगाव फाटा हे जालना-जिंतूर मार्गावरून सेलूकडे वळणारे ठिकाण. या परिसरासारख्या ग्रामीण मराठवाड्यात ती पेटी हेच बहुतेक सैनिकांचे एकमेव स्मारक असते. त्या पेटीतील कागदांचे मोल काय, लष्कराच्या दप्तरात कोणती नोंद किती काळ राहते आणि कुटुंबाने ती वेळीच का मिळवावी, याचा हा आढावा.

शिळेवर कोणाची नावे?

युद्धात पडलेल्या वीराचे स्मरण दगडात करण्याची महाराष्ट्राची परंपरा फार जुनी आहे. गावाच्या वेशीवर किंवा मंदिराच्या आवारात आढळणारे वीरगळ हे तिचेच अवशेष होत. खालच्या चौकटीत लढाई व वीराचे मरण, मध्ये अप्सरांसमवेत स्वर्गारोहण आणि वर शिवपूजा, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. बहुतेक वीरगळांवर नाव नसते. त्यामुळे वीर कोण, हे आज गावालाही सांगता येत नाही.

इंग्रजी अमदानीत शिळेवर नावे आली. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगाव भीमा येथे उभारलेल्या स्तंभावर कंपनीच्या सैन्यातील मृतांची नावे कोरलेली आहेत. पहिल्या महायुद्धानंतर पश्चिम महाराष्ट्र व कोकणातील अनेक गावांत छोट्या संगमरवरी पाट्या बसविण्यात आल्या. या गावातून इतके इसम युद्धावर गेले आणि त्यांपैकी इतके मृत्यू पावले, एवढाच त्यांवरील मजकूर. सातारा जिल्ह्यातील आपशिंगे या गावातील ४६ जवान त्या युद्धात कामी आले आणि पुढे ते गाव ‘मिलिटरी आपशिंगे’ या नावानेच ओळखले जाऊ लागले. या पाट्यांचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांनी मेलेल्यांबरोबर गेलेल्यांचीही मोजदाद केली. फक्त नावे दिली नाहीत.

स्वातंत्र्योत्तर काळातील सर्वांत मोठी नामावली नवी दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात आहे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याचे लोकार्पण झाले, तेव्हा त्याच्या ‘त्याग चक्रा’तील ग्रॅनाइटच्या भिंतींवर २५,९४२ नावे होती. पुण्यात नागरिकांच्या देणग्यांतून उभे राहिलेले युद्ध स्मारक १९९८ मध्ये खुले झाले. ही सारी स्मारके सैनिकी कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्यांची आहेत आणि ते योग्यच आहे. तथापि संख्येचा विचार केल्यास सैन्यात गेलेल्यांपैकी बहुसंख्य या नामावलीबाहेर राहतात. पहिल्या महायुद्धात अविभाजित भारतातील सुमारे १३ लाख लोकांनी सेवा बजावली. त्यांपैकी सुमारे ७४ हजार मृत्यू पावले. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाखांपैकी ८७ हजारांच्या आसपास मृत्यू झाले. म्हणजे दोन्ही युद्धांत शंभरांपैकी चौऱ्याण्णवहून अधिक जण जिवंत परतले.

एकाच पराक्रमाच्या दोन आठवणी

हा फरक समजून घेण्यासाठी मराठा पलटणीतील दोन व्हिक्टोरिया क्रॉस विजेत्यांची उदाहरणे बोलकी आहेत. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात शत्रूचे मशीनगन ठाणे एकट्याने जिंकून धारातीर्थी पडले. त्यांना ज्ञात कबर नाही. इटलीतील कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे. माणगावात त्यांचा पुतळाही आहे. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच सेनिओ नदीकाठी जखमी सहकाऱ्यांना गोळीबारातून सुखरूप आणले व शत्रूची मशीनगन ठाणी निकामी केली. ते जिवंत परतले आणि १९८४ मध्ये निवर्तले. त्यांचे नाव इतिहासात राहिले ते पदकामुळे. ज्या सहकाऱ्यांना पदक मिळाले नाही आणि मरणही आले नाही, त्यांची नावे शोधायची तर दप्तरांखेरीज दुसरा मार्ग नाही.

कारवारजवळच्या चेंडिये गावचे रामा राघोबा राणे यांची सेवावर्षे याच दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. जुलै १९४० मध्ये ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावरील सुरुंग व अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट करून दिल्याबद्दल त्यांना परमवीर चक्र मिळाले. सर्वांच्या स्मरणात आहेत ते हे चार दिवस. राणे मात्र १९६८ पर्यंत सेवेत होते, मेजर पदावरून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी त्यांचे निधन झाले. चार दिवसांच्या मागे-पुढे अठ्ठावीस वर्षांची सेवा होती. सर्वसामान्य जवानाच्या वाट्याला ते चार दिवस येत नाहीत. वर्षे मात्र येतात.

मराठवाड्याची वेगळी पार्श्वभूमी

परभणीसह मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे सातारा-रत्नागिरीप्रमाणे येथे पिढ्यान् पिढ्यांची पलटणीची परंपरा निर्माण झाली नाही. लष्कर येथे नव्हते असे मात्र नाही. हिंगोली, औरंगाबाद आणि मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई येथे ‘हैदराबाद कंटिंजंट’च्या छावण्या होत्या. या फौजेच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा महसूल इंग्रजांकडे गेला. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली. तिच्या पायदळातून पुढे हैदराबाद रेजिमेंट घडली आणि १९४५ मध्ये तिचे नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले. डेक्कन हॉर्स या घोडदळाचे मूळही याच फौजेत आहे.

संस्थानचे विलीनीकरण झाल्यानंतर मराठवाड्यातील तरुणांना भारतीय सैन्याची दारे थेट खुली झाली. घरात आजोबा-पणजोबा सैनिक नसलेल्या या पहिल्या पिढीने १९६२, १९६५ आणि १९७१ ची युद्धे पाहिली. ती पिढी आता झपाट्याने काळाच्या पडद्याआड जात आहे. पलटणीची परंपरा नसलेल्या गावात लष्करी कागद कसा वाचावा, हे सांगणारी वडीलधारी माणसेही कमी असतात. जोखीम आहे ती येथे.

डिस्चार्ज बुकात काय असते?

सेवामुक्त होताना जवानाला मिळणारी पुस्तिका म्हणजे डिस्चार्ज बुक. सैनिक क्रमांक, हुद्दा, दल, भरतीची व सेवामुक्तीची तारीख, सेवामुक्तीचे कारण, वर्तणुकीचा शेरा, मिळालेली पदके, ओळखीच्या खुणा आणि कुटुंबाचा तपशील तीत असतो. जवानाच्या आयुष्यातील पंधरा-वीस वर्षांचा हा सर्वांत विश्वसनीय पुरावा होय. सैनिक क्रमांक सर्वांत महत्त्वाचा. एकाच नावाचे अनेक जवान असतात, पण क्रमांक एकाचाच असतो.

मूळ सेवापत्रे संबंधित दलाच्या रेकॉर्ड ऑफिसात राहतात. ती तेथे कायम राहतात, हा समज मात्र चुकीचा आहे. सेनेच्या विनियमांनुसार निवृत्तिवेतन नसलेल्या जवानाची सेवापत्रे साधारण २५ वर्षांनी, तर निवृत्तिवेतनधारकाची ५० वर्षांनी नष्ट केली जातात. त्यानंतर उरते ती ‘लाँग रोल’ या नोंदवहीतील मोजक्या तपशिलाची ओळ.

याचा अर्थ स्पष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६-४७ मध्ये सैन्यकपातीत घरी पाठविलेल्या जवानांच्या कागदांची मुदत १९७०च्या दशकाच्या आरंभीच संपली. १९७१ चे युद्ध पाहून १९७५ मध्ये निवृत्तिवेतनावर घरी आलेल्या जवानाच्या कागदांची मुदत २०२५ मध्ये पूर्ण झाली. बांगलादेश मुक्तियुद्धात लढलेल्या पिढीची सेवापत्रे आज वर्षागणिक या मर्यादेला पोहोचत आहेत. ज्या घरातील पुस्तिका वाळवीने खाल्ली किंवा पुरात गेली, त्या घराला यापुढे संपूर्ण माहिती मिळेलच, याची शाश्वती नाही.

पदके बोलतात

कागद हरवले तरी पदके बरेच काही सांगतात. बहुतेक पदकांच्या कडेवर जवानाचा क्रमांक, हुद्दा व नाव कोरलेले असते. भिंगाखाली ते वाचता येते. बर्मा स्टार, आफ्रिका स्टार किंवा इटली स्टार असल्यास दुसऱ्या महायुद्धातील आघाडी कळते. या ताऱ्यांवर मात्र बहुधा नाव आढळते तेच असे नाही. समर सेवा स्टार १९६५ च्या युद्धाचा, तर पूर्वी स्टार व पश्चिमी स्टार १९७१ च्या दोन आघाड्यांचे. ‘संग्राम मेडल’ही १९७१ चेच. ‘सैन्य सेवा मेडल’वरील पट्टी जवानाने कोणत्या खडतर प्रदेशात सेवा केली ते सांगते. ९, २० व ३० वर्षांच्या सेवेबद्दल दीर्घ सेवा पदके दिली जातात. ९ वर्षांचे पदक आहे आणि २० चे नाही, एवढ्यावरूनही सेवाकाळाचा अदमास येतो. ब्रासो लावून पदके वारंवार घासल्यास कडेवरील अक्षरे झिजतात. मोडीत घालण्याआधी ती निदान वाचून, छायाचित्र काढून ठेवावीत.

प्रश्न केवळ स्मरणाचा नाही

सेवेची नोंद हा भावनेइतकाच उपजीविकेचाही विषय आहे. निवृत्तिवेतनधारक जवानाच्या मृत्यूनंतर पत्नीस कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. ते ठरावीक काळ वाढीव दराने आणि पुढे अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के या साधारण दराने असते. त्यासाठी निवृत्तिवेतन आदेशात पत्नीचे नाव हवे. अडचण येते ती येथेच. भरतीच्या वेळी इंग्रजीत लिहिलेले नाव, आधार कार्डावरील नाव आणि गावात रूढ असलेले नाव यांत तफावत असते. जन्मतारखा जुळत नाहीत. दुसऱ्या विवाहाची नोंदच नसते. जवान हयात असताना या दुरुस्त्या तुलनेने सुलभ असतात. त्याच्या पश्चात वृद्ध विधवेला प्रतिज्ञापत्रे घेऊन महिनोन् महिने खेटे घालावे लागतात.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करून दाखला घेणे ही पहिली पायरी. त्यानंतर बँक अथवा ‘स्पर्श’ प्रणाली, रेकॉर्ड ऑफिस आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांना कळविणे आवश्यक असते. दुसऱ्या महायुद्धातील निवृत्तिवेतन नसलेले माजी सैनिक व त्यांच्या विधवा यांना राज्य शासन मासिक आर्थिक साहाय्य देते. २०२० पासून माजी सैनिक व सैनिक विधवांना मालमत्ता कर व घरपट्टीत सवलत देणारी योजनाही राज्यात लागू झाली. यांपैकी प्रत्येक लाभाच्या मुळाशी सेवा सिद्ध करणारा कागदच असतो.

लाहोरचे उदाहरण

परत आलेल्यांचीही नोंद ठेवता येते, याचे उत्तम उदाहरण पंजाबात आहे. पहिल्या महायुद्धानंतर तेथील सरकारने गावनिहाय नोंदवह्या तयार करविल्या. त्यांत मृतांबरोबरच सेवा करून परतलेल्यांचीही नावे होती. सुमारे २६ हजार पानांच्या या वह्या लाहोरच्या संग्रहालयात अनेक दशके दुर्लक्षित पडून होत्या. ३ लाख २० हजारांच्या आसपास जवानांची माहिती असलेल्या या वह्यांचा पहिला भाग २०२१ मध्ये संगणकावर उपलब्ध झाला, तेव्हा अनेक कुटुंबांना पणजोबांची पलटण प्रथमच कळली.

अशी नोंद एखाद्या ग्रामपंचायतीला सहज करता येईल. जवानाचे नाव, क्रमांक, दल, भरती व सेवामुक्तीची वर्षे, कुठे सेवा केली आणि निधनाची तारीख, एवढ्या सहा रकान्यांची एक वही पुरे. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनी किंवा १४ जानेवारीच्या माजी सैनिक दिनी त्या वहीचे वाचन झाले, तर शिळेचा खर्चही लागणार नाही.

विचारणा कोठे करावी?

* मराठा लाइट इन्फंट्री : रेकॉर्ड ऑफिस, बेळगाव
* महार रेजिमेंट : सागर (मध्य प्रदेश)
* तोफखाना : नाशिक रोड कॅम्प
* बॉम्बे इंजिनिअर ग्रुप : खडकी, पुणे
* रणगाडा दल व मेकॅनाइज्ड इन्फंट्री : अहिल्यानगर
* सिग्नल्स : जबलपूर
* ईएमई व आयुध दल : सिकंदराबाद
* वैद्यकीय दल : लखनौ
* कुमाऊँ रेजिमेंट : रानीखेत
* नौदल (खलाशी) : ब्युरो ऑफ सेलर्स, मुंबई
* हवाई दल : रेकॉर्ड ऑफिस, नवी दिल्ली

दोन्ही महायुद्धांत मृत्यू पावलेल्यांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात. अनेक नोंदींत वडिलांचे नाव व गावही दिलेले असते. अन्य बाबतींत अर्जावर सैनिक क्रमांक अवश्य लिहावा, मृत्यूचा दाखला व नात्याचा पुरावा जोडावा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवावा. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराचा मार्ग मोकळा आहे. डिस्चार्ज बुकाच्या सर्व पानांच्या दोन प्रती काढून एक दुसऱ्या घरी ठेवणे, हे मात्र आजच करता येण्याजोगे आहे.