शेतीशाळा आणि मेळावा (परभणी जिल्हा)

शेतीशाळा : एकाच पिकाच्या पेरणीपासून काढणीपर्यंत ठरावीक शेतकऱ्यांनी ठरावीक शेतावर जमून निरीक्षणातून निर्णय घ्यायला शिकण्याची पद्धत. मेळाव्यातल्या मंचावरच्या व्याख्यानाशी तिची तुलना करायला परभणी सोयीची, कारण इथे दोन्ही पद्धती नांदतात.

परभणीतल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ची. वर्धापनदिनी खरीप मेळावा आणि १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, रब्बी मेळावा भरतो. नवे वाण, खतमात्रा, बियाण्याची उपलब्धता हे एका दिवसात अनेकांपर्यंत पोचवायला मेळाव्यासारखे साधन नाही. पण ऐकलेली शिफारस आपल्या रानात कधी लागू होते, हे मंडपात बसून कळत नाही.

शेतीशाळेचा उगम इंडोनेशियातला. भातावरील तपकिरी तुडतुडे कीटकनाशकांनीच वाढू लागल्यावर १९८९मध्ये अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने तिथे शेतावरचे वर्ग सुरू झाले. परभणीसह पंधरा जिल्ह्यांतल्या ‘पोकरा’ या हवामान-अनुकूल शेतीच्या शासकीय प्रकल्पाने २०१८पासून शेतीशाळेला बळ दिले.

कपाशीच्या वर्गात गट करून शेतकरी ओळींतून फिरतात. डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली फुले) शोधायच्या, हिरवी बोंडे फोडून गुलाबी अळी पाहायची, पानामागचा मावा आणि तो खाणारे ढालकिडे दोन्ही मोजायचे. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग आले, की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे धरतात. मग मोठ्या कागदावर झाड, किडी, मित्रकीटक काढून फवारायचे की थांबायचे, यावर गट वाद घालतो. प्रशिक्षकाने उत्तर न देता उलट प्रश्न विचारायचा असतो. हेच सर्वांत अवघड. बोलायची सवय जडलेला कर्मचारी बांधावरही भाषणच करतो. अशी शेतीशाळा म्हणजे मंडप नसलेला मेळावा.

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षातला ग्रामीण कार्यानुभव शेतीशाळेच्याच जातीचा. ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ गावात राहून प्रात्यक्षिके करतात. सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि आठवडाभराने कोंब मोजायचे. सत्तरपेक्षा कमी निघाले तर एकरी बियाणे वाढवायचे. मात्र बीजप्रक्रियेतल्या रसायनाचे प्रमाण कुणी प्रयोगाने शोधू नये. ते आधी नीट सांगावेच लागते, आणि तिथे व्याख्यानच बरे.