एडमंड बर्कचा पक्ष व हणमंतराव वकील

वॉरन हेस्टिंग्जवरील खटल्यामुळें एडमंड बर्क (१७२९–१७९७) याचें नांव आमच्या वाचकांस परिचित आहे. अमेरिकेंतील वसाहतींचा व हिंदुस्थानांतील पीडितांचा कैवार घेणारा हा व्हिग पक्षाचा वक्ता १७९० सालीं फ्रान्सांतील राज्यक्रांतीचा कट्टा वैरी म्हणून पुढें आला, तेव्हां त्यानें पक्ष सोडला असा बोभाटा झाला. हा आरोप कितपत टिकतो, हें पाहणें प्रस्तुत लेखाचें प्रयोजन आहे.

बर्क १७६५ सालीं लॉर्ड रॉकिंगहॅमचा चिटणीस झाला, तेव्हांपासून तो व्हिग होता. स्वार्थासाठीं जमलेली टोळी म्हणजे पक्ष नव्हे. एका मान्य तत्त्वावर राष्ट्रहित साधण्याकरितां एकत्र आलेली मंडळी म्हणजे पक्ष, असें त्यानें १७७० सालीं लिहिलें होतें. पुढें ६ मे १७९१ रोजीं क्विबेक बिलाच्या चर्चेंत त्यानें फॉक्सशीं असलेला जुना स्नेह भर सभेंत तोडला. फॉक्सच्या डोळ्यांतून अश्रु वाहिले. पक्षानें फॉक्सची बाजू उचलली. तेव्हां त्याच वर्षाच्या ऑगस्टांत बर्कनें नव्या व्हिगांविरुद्ध जुन्या व्हिगांकडे दाद मागणारें पुस्तक निनांवी छापिलें व त्यांत स्वतःविषयीं तृतीय पुरुषीं लिहिलें.

या पुस्तकांतील प्रमाणपद्धति जुनीं दप्तरें चाळणाऱ्यांस ओळखीची वाटेल. १७१० सालीं डॉक्टर सॅकेव्हरेल या धर्मोपदेशकावर व्हिगांनीं खटला भरला होता. त्या प्रसंगींचीं व्हिग पुढाऱ्यांचीं भाषणें बर्क उतरून देतो आणि दाखवितो कीं, १६८८ ची राज्यक्रांति त्यांच्या मतें निरुपाय म्हणून, जुनी राज्यघटना राखण्यासाठीं झाली. मनास येईल तेव्हां राजा काढावा हा अधिकार त्यांनीं सांगितला नाहीं. परंतु हीं भाषणें लॉर्डांपुढें खटला जिंकण्यासाठीं केलेलीं होतीं, आणि वकील आपल्या पक्षाचें मत सौम्य करून मांडतो हें उघड आहे. शिवाय ऐंशी वर्षांपूर्वींच्या शब्दांनीं नातवांस बांधावें काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून पक्षाच्या मताविषयीं ही साक्ष आम्हांस अपुरी वाटते.

बर्कच्या स्वतःच्या मताविषयीं मात्र याहून सबळ साक्ष आहे, आणि तिचा संबंध पेशवाईशीं आहे. १७८१ सालीं राघोबादादांचे वकील हणमंतराव हे ब्राह्मण व मणियार हे पारशी गृहस्थ लंडनास गेले होते. परमुलखांत स्नानसंध्या व सोंवळ्याचा स्वयंपाक यांची त्यांस फार अडचण पडली. तें कळतांच बर्कनें त्यांस बीकन्सफील्ड येथील आपल्या घरीं नेलें व आपल्या आचाराप्रमाणें राहतां यावें म्हणून बागेंतील कांचेचें घर त्यांच्या स्वाधीन केलें. त्याबाबत त्यानें दादांस लिहिलेलें पत्र छापलेलें उपलब्ध आहे.

ही गोष्ट फ्रान्सांतील क्रांतीच्या आठ वर्षें आधींची आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आचाराचा मान राखणें, मग तो आचार परक्याचा कां असेना, हा बर्कचा स्वभाव त्या वेळींच दिसतो. काशीचा राजा चेतसिंग व अयोध्येच्या बेगमा यांवरील जुलमाबद्दल हेस्टिंग्जवर तुटून पडणारा बर्क आणि पॅरिसच्या नव्या सत्ताधाऱ्यांवर तुटून पडणारा बर्क एकच होय. स्वदेशांतहि पार्लमेंटच्या प्रतिनिधिपद्धतींत फेरफार करण्यास त्यानें १७८२ सालींच विरोध केला होता. तेव्हां तो फिरला असें म्हणतां येत नाहीं. मात्र जुन्या व्यवस्थेखालीं जे भरडले जातात, त्यांचें गाऱ्हाणें त्यानें स्वदेशांत पुरतें ऐकलें नाहीं, हा दोष त्याच्या पदरीं राहतोच.

आम्हीं अध्यापनाच्या काळांत बर्कला उतारवयांत प्रतिगामी झालेला सुधारक म्हणून शिकवीत होतों. हणमंतरावांची हकीकत वाचल्यावर तें शिकविणें चुकीचें होतें, हें कबूल करणें प्राप्त आहे. आमच्या कागदांतहि ‘दादांकडील’ वा ‘बारभाईंकडील’ एवढ्या शिक्क्यावर माणसांचीं मतें ठरविण्याची घाई आपण करितों. पक्षाच्या नांवावरून माणूस कोठें उभा होता तें कळतें. तो तेथें कां उभा होता, हें त्याच्या आचरणांत शोधावें लागतें. हणमंतरावांच्या प्रवासाचा एखादा मोडी कागद कोणा संग्राहकाच्या रुमालांत असल्यास तो अवश्य उजेडांत यावा, अशी आमची विनंति आहे.