गुरुवारची सुट्टी आणि पाऊणपट

मोबाईल इथेच ठेवा. जाताय तिथे चार्जर नाही, एक्सप्रेस-वेही नाही.

हं, उघडा डोळे. ऐंशीचं दशक, माघातला गुरुवार, पहाटेचं चिंचवड स्टेशन. एरवी या वेळी कारखान्याचा भोंगा कानठळ्या बसवतो. आज एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी, म्हणून कुत्रीसुद्धा झोपलेली. पुण्याहून आलेली अलिबागची लाल गाडी थांबते न थांबते तोच खिडकीतून रुमाल टाका. टाकलात? जागा तुमची. निदान रुमालाएवढी तरी.

घाटात गाडी कण्हत उतरते. डिझेलचा वास पोटात ढवळतो, मागच्या बाकावरचं पोर लिंबू हुंगतंय, कंडक्टरचा पंच टकटकतोय. खोपोलीला दार उघडलं की हवाच बदलते. स्वेटर काढा. वडखळपुढे मिठागरं दिसू लागतात तोवर सदरा पाठीला चिकटलेला असतो.

दुपारी बाराला किनाऱ्यावर पोचता आणि कुलाबा किल्ला चारही बाजूंनी पाण्यात! चालत जाता येतं, असं शेजाऱ्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. तुम्ही सवयीनं घड्याळ पाहता. ज्यांच्या वाडीत उतरायचं ते काका हसतात.

"घड्याळ काय बघताय? तिथी कुठली आज?"

हे मोरया गोसावींच्या गावच्या माणसाला विचारायचं? सकाळपासून मूठभर साबुदाण्यावर आहात तुम्ही. "संकष्टी!"

"म्हणजे चतुर्थी. चार पाऊणे तीन. तीनला पुरी भरती, पाणी सुकणार रात्री नवाला. उद्या पंचमी, सकाळी पावणेदहाला जा."

झालं. तिथीची पाऊणपट केली की भरती, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पुनवेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. उद्या तुमची थर्ड शिफ्ट, तेव्हा राहायला हरकत नाही.

हरकत आहे ती नाकाची. काठ्यांवर बोंबील वाळतायत, स्वयंपाकघरात सुरमई तव्यावर पडून चर्र करतेय, आणि तुम्ही शहाळं पीत बसलाय. मुंबईकर भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला उतरतात ते रविवारी. आज किनारा तुमचा आणि भुकेचा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, चुंबकाच्या सुया बिघडणार म्हणून तिथल्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये याच गावी आणली. सुयांचं बरं, त्यांना उपास नसतो.

रात्री नवाच्या पुढे माडांमागून चंद्र वर येतो. समोर पाणी खरंच सरकलेलं, किल्ल्यापर्यंत ओली वाळू चकाकतेय. काकू पानावर उकडीचे मोदक वाढतात. गरम, तुपात निथळणारे. पहिला मोदक जीभ भाजतो, तरी दुसऱ्याला हात जातोच.

सकाळी चपला हातात घेऊन निघा. लाटांनी वाळूवर उमटवलेल्या वळ्या तळव्याला टोचतात, खळग्यांतलं पाणी गार आहे. तटाच्या दोन दगडांमधल्या फटीत बोट घालून बघा. चुना नाही! नुसते चिरे एकावर एक, लाट फटींत शिरून जिरावी म्हणून. आत गोड्या पाण्याची विहीर, आणि देऊळ. कुणाचं? गणपतीचं. चिंचवडहून निघालात, समुद्रात शिरलात, तरी गाठ पडली ती मंगलमूर्तीशीच.

तेवढ्यात दिंडीदरवाजातून कुणी ओरडतं, "पाणी फिरलं!"

पळा. अर्ध्या वाटेवर घोट्याला पाणी, पुढे पोटरीला. धोतर सावरणारे एक आजोबा तुमच्या पुढे निघून जातात. काठावर काका उभे आहेत आणि वाडीतून कालचाच चर्र आवाज येतोय.

"चला, पंचमी आहे," काका म्हणतात. "आज चालतं."