चार वर्षांची मुदत

परदेशांतील विद्यापीठाकडून प्रवेशाचा होकार आला, कीं घरांत पेढे वांटले जातात आणि अर्धी लढाई जिंकली असें सर्वांना वाटूं लागतें. होकार येईपर्यंतचे दिवस मोठ्या घालमेलीचे असतात, हें खरें. एकाऐवजीं दोन ठिकाणांहून बोलावणें आलें तर घालमेल दुप्पट होते, हेंहि खरें. परंतु होकारानंतर जी परीक्षा सुरू होते तिची गणना सहसा कोणी करीत नाहीं. पैसा कोण देणार, किती दिवस देणार, आणि त्याच्या मोबदल्यांत काय लिहून घेणार, या तीन प्रश्नांचीं उत्तरें प्रवेशपत्रांत नसतात. डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेचीं १९१३ ते १९२३ हीं दहा वर्षें या दृष्टीनें पाहण्याजोगीं आहेत. त्यांच्या पदव्यांची यादी शाळेंतल्या मुलांनाहि पाठ असते. त्या पदव्यांच्या मधल्या रिकाम्या जागा मात्र कोणी फारशा वाचीत नाहीं.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा पंचवीस रुपयांची मदत मिळत होती, म्हणून भीमरावांना एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. होतां आलें. १९१३ च्या जानेवारींत ते बडोदें संस्थानच्या नोकरींत रुजू झाले, आणि वडिलांच्या आजारामुळें लगेच त्यांना मुंबईस परतावें लागलें. २ फेब्रुवारी १९१३ रोजीं रामजी सुभेदार वारले. त्याच सुमारास महाराजांनीं कांहीं विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत पाठविण्याचें मनांत आणलें होतें. त्यांत भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजीं बडोद्यास करारनाम्यावर सही झाली. शिष्यवृत्ति दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षें. आणि अट अशी, कीं ठरवून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करावा व परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करावी.

तीन वर्षांच्या शिक्षणासाठीं दहा वर्षांची नोकरी, हा सौदा महागाचा वाटेल. पण सौदा महाग कीं स्वस्त हें दुसऱ्या दुकानाचा भाव विचारल्यावर कळतें, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींत जन्मलेल्या, नुकतेंच पितृछत्र हरपलेल्या बावीस वर्षांच्या तरुणापुढें त्या वेळीं दुसरें दुकान नव्हतें. सयाजीरावांसारखा दाता त्या काळांत विरळा, हें येथें सांगितलेंच पाहिजे. करारांतील अट जाचक होती ती महाराजांच्या मनांतील हेतूमुळें नव्हे. ती पुरी करण्याची पाळी आली तेव्हां बडोदें शहरानें जें दार लावून घेतलें, त्यामुळें ती जाचक ठरली.

जुलै १९१३ मध्यें भीमराव न्यूयॉर्कला पोहोंचले. तीन वर्षांत त्यांनीं जें काम केलें तें पाहिलें म्हणजे मुदतीचा धाक माणसाकडून काय करवून घेतो तें दिसतें. १९१५ मध्यें ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यकारभारावर व जमाखर्चावर निबंध लिहून ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजीं प्रो. गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गांत त्यांनीं हिंदुस्थानांतील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. त्याच वर्षीं प्रो. सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखालीं पीएच. डी. चा प्रबंधहि पुरा झाला. परंतु कोलंबियाचा नियम असा, कीं प्रबंध छापून त्याच्या ठराविक प्रती विद्यापीठाला दिल्यावांचून पदवी हातीं पडावयाची नाहीं. छपाई तेव्हां झाली नाहीं. विद्या झाली होती; पदवी लोंबत राहिली.

आतां पुढें काय, हा प्रश्न होता. करार पाहतां परत जाऊन नोकरीस लागणें हा सरळ मार्ग होता. दुसरा मार्ग लंडनचा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथें अर्थशास्त्राची डी. एस्सी., आणि त्याच शहरांत ग्रेज इनमध्यें बॅरिस्टरी. यांतील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची मानावी लागेल. पीएच. डी. आणि डी. एस्सी. या पदव्या कोणाच्या तरी नोकरींत शोभतात. बॅरिस्टराला धनी नसतो. भीमरावांनीं दोन्ही वाटा एकदम धरल्या. सेलिग्मन यांनीं मे १९१६ मध्यें सिडने वेब यांच्या नांवें ओळखीचें पत्र लिहून दिलें, आणि त्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत लंडन स्कूल व ग्रेज इन या दोन्ही ठिकाणीं त्यांचें नांव दाखल झालें. हॉबहाउस, लोज डिकिन्सन, मॅकिंडर अशा नामांकित शिक्षकांचे वर्ग त्यांनीं घेतले. कोलंबियाचा प्रबंध पुरा करून आलेला हा विद्यार्थी लंडनला पुन्हां एम. एस्सी. च्या पायरीपासून चढूं लागला.

वर्षहि पुरें झालें नाहीं तोंच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याहून परत येण्याविषयीं लिहून आलें. महायुद्ध ऐन भरांत होतें. अभ्यास अर्धा, बॅरिस्टरी अर्धी, प्रबंध मनांत; आणि परतीचें जहाज धरावयाचें. अशा वेळीं प्रो. एडविन कॅनन यांच्या शिफारशीनें लंडन विद्यापीठाकडून एक परवानगी मिळाली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आंत परत आल्यास तुटलेला अभ्यास जेथें सोडला तेथून पुढें चालवितां येईल, एवढाच तिचा अर्थ. तिच्यांत पैसा नव्हता, जागा नव्हती, नोकरीचें आश्वासन नव्हतें. १९२१ च्या ऑक्टोबरपर्यंत दार लोटलेलें राहील, कडी घातली जाणार नाहीं. एवढें एक वचन घेऊन भीमराव निघाले.

तेंहि निघणें सुखाचें झालें नाहीं. सामान, त्यांत पुस्तकेंहि आलीं, दुसऱ्या जहाजानें रवाना केलें होतें. तें जहाज शत्रूच्या पाणतीराला बळी पडलें. २१ ऑगस्ट १९१७ रोजीं भीमराव मुंबईस उतरले. बडोद्याचें भाडें भरण्याइतकाहि पैसा जवळ नव्हता. बुडालेल्या सामानाची भरपाई टॉमस कुक कंपनीकडून आली, तिच्यावर बडोद्याचा प्रवास झाला. बुडालेल्या ग्रंथांच्या पैशांतून कराराची अट पाळावयास निघालेला दुसरा पदवीधर क्वचितच सांपडेल.

बडोद्यांत काय झालें तें डॉ. आंबेडकरांनीं स्वतः लिहून ठेवलें आहे. राहावयास जागा मिळेना, म्हणून एका पारशी धर्मशाळेंत पारशी नांव धारण करून ते दीड रुपया रोजानें राहिले. अकराव्या दिवशीं हातांत काठ्या घेतलेली पारशी मंडळी जिन्यावरून वर आली आणि संध्याकाळच्या आंत जागा सोडण्याची तंबी देऊन गेली. एक हिंदु व एक ख्रिस्ती अशा दोन परिचितांकडे विचारणा झाली. दोन्हीकडे घरच्या माणसांची अडचण निघाली. शेवटीं रात्रीची मुंबईची गाडी लागेपर्यंतचे तास त्यांनीं कामाठी बागेंत बसून काढले. दहा वर्षांची नोकरी ती पंधरवड्याचीहि झाली नाहीं. ४ जूनच्या करारनाम्यांत विद्यार्थ्यानें काय करावें हें कलमवार लिहिलेलें होतें. त्या विद्यार्थ्याला शहरांत घर कोण देईल, याविषयीं कलम नव्हतें.

इकडे मुदतीचे महिने सरत होते. शिकवण्या, शेअरबाजारांतील व्यापाऱ्यांना सल्ला देण्याची पेढी, असे उद्योग करून पाहिले. पेढीच्या चालकाची जात कळल्यावर गिऱ्हाइकें येईनाशीं झालीं. १९१८ च्या नोव्हेंबरांत मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार दरमहा साडेचारशें रुपये. चार वर्षांपैकीं एक वर्ष तेव्हां संपलें होतें.

साडेचारशें रुपये ही त्या काळीं लहान रक्कम नव्हती. परळच्या चाळींतील दोन खोल्यांत राहणाऱ्या, नवऱ्याच्या परदेशवासांत हालअपेष्टांचे दिवस काढलेल्या रमाबाईंना या पगारानें प्रथमच थोडी स्वस्थता लाभली असती. येथें तराजूचीं दोन पारडीं स्पष्ट दिसतात. एकीकडे हातांतली नोकरी, संसार, वर्गांत वाढत जाणारा लौकिक. दुसरीकडे लंडनच्या एका कार्यालयांतील नोंद, जिची तारीख दर महिन्यानें जवळ येत होती. नोकरीच्या पारड्यांत आणखी एक गोष्ट होती, ती वजन वाढविणारी नव्हती. प्राध्यापकांसाठीं ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यांतून या प्राध्यापकानें पाणी पिऊं नये, अशी हरकत कांहीं सहकाऱ्यांनीं घेतली. रमाबाईंना त्यांच्या मनांतलें कोणीं विचारलें असतें तर त्यांनीं काय उत्तर दिलें असतें, हें इतिहासांत नमूद नाहीं. नमूद आहे तें एवढेंच, कीं पगारांतून त्यांच्या हातीं बेताचीच रक्कम पडे आणि उरलेला पैसा लंडनसाठीं सांठविला जाई. या दहा वर्षांच्या विद्येचा कांहीं भाग त्या माउलीच्या काटकसरीनें विकत घेतलेला आहे.

मार्च १९२० मध्यें भीमरावांनीं कॉलेज सोडलें. त्याच वर्षीं ३१ जानेवारीला 'मूकनायक' पाक्षिक निघालें होतें आणि मार्चमध्यें माणगांवची परिषद झाली होती. म्हणजे येथें सार्वजनिक कार्याचें रोप नुकतेंच मातींत रुजत असतां त्यांनीं बोट धरली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं दीड हजार रुपये दिले, कोलंबियापासूनचे मित्र नवल भथेना यांनीं पांच हजार रुपये उसने दिले, कांहीं स्वतःची शिल्लक होती. जुलैंत प्रयाण झालें आणि ३० सप्टेंबर १९२० रोजीं लंडन स्कूलमध्यें त्यांचें नांव पुन्हां दाखल झालें. मुदतींतलें एकच वर्ष शिल्लक होतें.

पुढील दोन वर्षांचें वर्णन थोडक्यांत करतां येतें, कारण त्यांत वाचनाखेरीज फारसें कांहीं नाहीं. ब्रिटिश म्यूझियमचें वाचनालय उघडण्याच्या वेळीं आंत जावें आणि बंद होण्याच्या वेळीं बाहेर यावें. दुपारच्या जेवणाला बहुधा फांटा. रात्रीं खोलीवर पुन्हां वाचन, आणि भूक फारच लागली तर परिचितानें दिलेले चार पापड भाजून खावे. १९२१ च्या जूनमध्यें ते एम. एस्सी. झाले. ऑक्टोबर १९२२ मध्यें रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध डी. एस्सी. साठीं सादर झाला. त्याच १९२२ सालीं बॅरिस्टरीहि पदरांत पडली.

मधल्या काळांत एक तिसरें दारहि ठोठावलेलें होतें. जर्मनींतील बॉन विद्यापीठांत अभ्यास करण्यासाठीं १९२१ च्या फेब्रुवारींत त्यांनीं जर्मन भाषेंत स्वहस्तें अर्ज लिहिला, आणि एप्रिल १९२२ मध्यें तेथें त्यांचें नांवहि दाखल झालें. परंतु वर्गांना हजेरी लागली नाहीं म्हणून १९२३ च्या आरंभीं तें पटावरून कमी करण्यांत आलें. सर्व दारें एका माणसानें किती दिवस उघडीं धरावीं, यालाहि मर्यादा असते.

आणि मग ज्या निकालासाठीं इतकी यातायात केली तो लागला. मार्च १९२३ मध्यें परीक्षकांनीं प्रबंध आहे त्या स्वरूपांत मान्य करण्यास नकार दिला. फेरलेखन आवश्यक होतें. ब्रिटिश सरकारच्या चलननीतीवर प्रबंधांत केलेली कडक टीका परीक्षकांना झोंबली, असें चरित्रकार सांगतात. फेरलेखनासाठीं लंडनला राहावयास पैसा उरला नव्हता. भीमराव एप्रिलमध्यें मुंबईस परतले, वकिलीच्या खटपटीला लागले, आणि त्या गडबडींतच प्रबंध पुन्हां लिहून ऑगस्टमध्यें लंडनला धाडला. निष्कर्ष त्यांनीं बदलले नाहींत. टपाल बोटीनें जाणार, तिकडे तो वाचला जाणार, उत्तर बोटीनें येणार. तोंवर कोर्टाच्या पायऱ्या चढावयाच्या. नोव्हेंबर १९२३ मध्यें प्रबंध मान्य झाला. वर्षअखेरीस तो पी. एस. किंग कंपनीनें लंडनला प्रसिद्ध केला. त्याला कॅनन यांनीं प्रस्तावना लिहिली, आणि तिच्यांत आपला मतभेदहि मोकळेपणानें नोंदविला. गुरुशिष्य दोघांनाहि तें शोभून दिसलें. पुस्तक आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केलेलें आहे.

राहिली कोलंबियाची लोंबती पदवी. तो प्रबंध नव्या रूपांत, ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील ग्रंथ म्हणून, १९२५ मध्यें छापला गेला. सेलिग्मन यांनीं प्रस्तावना लिहिली आणि ग्रंथ सयाजीराव महाराजांना अर्पण झाला. प्रती न्यूयॉर्कला पोहोंचल्या, आणि ८ जून १९२७ रोजीं विद्यापीठानें पीएच. डी. ची पदवी दिली. प्रबंध पुरा होऊन तेव्हां अकरा वर्षें झालीं होतीं, आणि महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतल्याला अडीच महिने.