घिवलीचे ऊन आणि जगाची खतावणी

बोईसर स्थानकाच्या पश्चिमेस, तारापूर अणुशक्ती केंद्राच्या शेजारी, समुद्राला लागून मौजे घिवली वसले आहे. इतिहासकारांच्या लेखी या किनाऱ्याची ख्याती तारापूरच्या किल्ल्यापुरती. १७३९ च्या आरंभी चिमाजी आप्पांच्या फौजेने तो फिरंग्यांकडून घेतला व त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर कामी आले, हे सर्वश्रुत आहे. परंतु ज्या वाऱ्यावर गलबते चालत आणि ज्या उन्हात मासळी वाळे, त्या वाऱ्याउन्हाची मोजदाद करावी असे कोणत्याही दरबारास वाटले नाही, कारण ज्यावर सारा बसवता येत नाही ते कारकुनाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

मोजदादीचा काळ आला तो विजेबरोबर. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात वेगळे झाले, तरी दोहोंच्या गिरण्या-कारखान्यांची विवंचना एकच राहिली: कोळशाच्या खाणी दूर, आणि वाघिणींतून येणारा कोळसा महाग. तेव्हा दोन्ही राज्यांना वीज पुरविता येईल आणि यंत्रे थंड ठेवण्यास सागराचे पाणी मिळेल असे ठिकाण म्हणून तारापूर पसंत पडले. ८ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेशी करार झाला, व २८ ऑक्टोबर १९६९ पासून दोन अणुभट्ट्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. होमी भाभांनी १९५५ साली जिनिव्हाच्या अणुपरिषदेचे अध्यक्षस्थान भूषविले, त्या दिवसांतल्या आशावादाचा वारसा घेऊन विक्रम साराभाईंनी १९८० पर्यंत २,७०० मेगावॅटचा संकल्प सोडला. पण १९८० उजाडले तेव्हा जमेच्या बाजूस तारापूर आणि राजस्थानातील एक भट्टी, एवढाच ऐवज होता. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधनाबाबत हात आखडता घेतला, १९८२ साली ते फ्रान्सकडून मिळवावे लागले, आणि यंत्रांतील दोषांमुळे २१० मेगावॅटच्या भट्ट्या १६० वर आणाव्या लागल्या. पुढे २००५-०६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या दोन स्वदेशी भट्ट्या सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली, आणि पुनर्वसनाचे दावे न्यायालयात गेले.

आता जमाखर्च जगाचा झाला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरविलेल्या सतरा उद्दिष्टांपैकी सातवे ऊर्जेचे. त्याच्या प्रगतीचा ताळेबंद जागतिक बँक, जागतिक आरोग्य संघटना आदी पाच संस्था २०१८ पासून दरसाल मांडतात. तो बारकाईने वाचणाऱ्यास मोठी मौज वाटते. चुलीतले लाकूड स्वयंपाकाच्या रकान्यात अस्वच्छ ठरते, कारण त्याचा धूर बाईच्या छातीत जातो. आणि तेच लाकूड नवीकरणीय ऊर्जेच्या एकूण हिश्शात मात्र बिनतक्रार जमेस धरले जाते. तारापूरची बिनधुराची वीज त्या हिश्शात बसत नाही, कारण युरेनियम पुन्हा उगवत नाही. उलट दिल्लीच्या वहीत, जिथे २०३० पर्यंत ५०० गिगावॅट जीवाश्मेतर क्षमतेचे उद्दिष्ट लिहिले आहे, तीच वीज मानाने जमा होते. दोन्हीकडचे कारकून प्रामाणिकच आहेत. रकाने निराळे, इतकेच.

मला खटकते ते दुसरेच. सौरपट्ट्यांवर पडलेले ऊन वीज होऊन खतावणीत चढते. पण मासळी, मीठ, पापड वाळविणारे ऊन ऊर्जेच्या गणनेत धरावयाचे नाही, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. उद्या या किनाऱ्यावरच्या एखाद्या घराने विजेवर चालणारे वाळवणयंत्र आणले, आणि ती वीज सौर असली, तर स्वच्छ ऊर्जेचा वापर वाढल्याची नोंद तत्काळ होईल. आज दोरीवर टांगलेल्या बोंबलाच्या नावे त्या वहीत शून्यसुद्धा लिहिलेले नाही.