घरांच्या खरेदीखतांतील किंमत आणि सरकारचा वांटा

कवठे महांकाळ, देशिंग, कुची ह्या बाजूच्या जुन्या घराण्यांत दप्तर म्हणून जें कांहीं उरलें आहे, त्यांत सनदा व इनामपत्रें थोडीं आणि घर-जागेचीं खरेदीखतें पुष्कळ, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. संशोधकांचें लक्ष साहजिकच सनदांकडे जातें. खरेदीखत चाळलेंच तर अमुक सालीं इतक्या खणांचें घर इतक्या रुपयांस विकलें गेलें, हा आंकडा टिपून घेण्यापुरतें. अशा आंकड्यांवरून जुन्या काळच्या स्वस्ताईचे सिद्धांत बांधण्याची आपल्यांत चाल पडली आहे. मींही तसे बांधले होते. आतां ते मागें घ्यावेसे वाटतात. घराची किंमत घेणारा आणि देणारा ह्या दोघांनींच ठरविलेली नसते. सरकार हा तिसरा पक्ष तेथें न बोलतां बसलेला असतो, आणि त्याचा वांटा कोणत्या नियमानें निघत होता हें कळल्यावांचून खतांतला आंकडा वाचतांच येत नाहीं.

हा विचार नवा नाहीं. तंजावरकडील एका पंडितानें म्हैसूरच्या ग्रंथसंग्रहास दिलेल्या हस्तलिखितावरून शामशास्त्र्यांनीं कौटिलीय अर्थशास्त्र १९०९ सालीं छापून काढलें, हें हस्तलिखितांच्या संग्राहकांस सांगावयास नको. त्याच्या तिसऱ्या अधिकरणांत वास्तुविक्रयाचें प्रकरण आहे. घर विकावयाचें तर तें प्रथम ज्ञातींनीं, मग शेजाऱ्यांनीं, मग धनकोंनीं घ्यावें, तदनंतर इतरांनीं. शेजारच्या चाळीस कुळांसमक्ष, त्या घरासमोर, सीमा यथावत् सांगून तीनदां पुकारा करावा, व कोणी हरकत न घेतल्यास घेणाऱ्यानें घ्यावें. येथपर्यंत आपल्या खतांतील चतुःसीमा आणि साक्षी ह्यांचाच हा पूर्वज दिसतो. परंतु पुढचा नियम विलक्षण आहे. चढाओढीनें किंमत वाढली तर वाढलेला भाग शुल्कासह राजाच्या कोशांत जावा, असें कौटिल्य सांगतो. म्हणजे लिलाव चढला तरी विकणाऱ्यास कवडी अधिक मिळावयाची नाहीं! घर स्वस्त घेऊन महाग विकणाऱ्या धनिकास ह्या नियमानें फारशी जागा उरत नाहीं. मात्र चाळीस कुळांसमोर बोलली जाणारी किंमत आणि आदल्या रात्रीं ओसरीवर ठरलेली किंमत ह्या एकच असतील, असें मानण्याइतका भोळेपणा आपण धरूं नये.

त्याच्या लगतच्या अध्यायांत आणखी एक नियम आहे: कर देणाऱ्यांनीं आपली मालमत्ता कर देणाऱ्यांसच विकावी किंवा गहाण द्यावी. करमाफ मनुष्याच्या हातीं ती गेली कीं कोशाचें उत्पन्न बुडतें, हें उघड आहे. मराठेशाहीच्या घरपट्टीकडे पाहतांना हा नियम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. गांवची जमीन काळी आणि पांढरी अशी दुहेरी. काळीवर शेतसारा, पांढरीवर घरपट्टी, आणि उदीम-कसबांवर मोहतर्फा. १८१९ च्या एल्फिन्स्टनच्या अहवालावरून घरपट्टी ब्राह्मण व गांवकामगार सोडून इतरांवर बसत असे. तेव्हां एकाच आळींतलीं, सारख्याच खणांचीं दोन घरें घेणाऱ्यास सारखींच पडत होतीं असें म्हणतां येणार नाहीं. दरसालच्या पट्टीचें ओझें किंमतींत कोठें तरी शिरलेलें असणार, आणि खतांत त्याचा उल्लेख असेलच असें नाहीं. म्हणून घेणारा-देणारा कोण, त्यांची वृत्ति काय, हें पाहिल्याशिवाय आंकडा उचलूं नये.

नव्या पेठेंतील जागेविषयीं तर अधिकच सावध राहिलें पाहिजे. वसाहतीस उत्तेजन म्हणून कौल देऊन कांहीं वर्षें कर माफ करावयाचा, व पुढें इस्ताव्यानें तो क्रमाक्रमानें चढवावयाचा, ही पद्धति सर्वपरिचित आहे. ताम्रपटांतील परिहाराचीच ही धाकटी भावंडें. कौटिल्यही नव्या तलाव-बंधाऱ्यास पांच वर्षें आणि पडक्याच्या दुरुस्तीस चार वर्षें परिहार देतो. १८०१ च्या सुमारास चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून निघून सांगलीस आले, तेव्हां सांगली हें लहानसें खेडें होतें. पुढें तेथें पेठा वसल्या. अशा वाढत्या गांवच्या जागेचें खत हातीं आलें तर तें कौलाच्या मुदतींतलें कीं मुदतीनंतरचें, हा पहिला प्रश्न असावा. मुदतींत घेणारा मनुष्य नुसत्या भिंती घेत नाहीं. उरलेल्या वर्षांची माफीही तो विकत घेतो.

इंग्रजी अमलांत वांट्याचें रूप पालटलें. १८४४ च्या एकोणिसाव्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील मोहतर्फा आणि धंद्यांवरील तत्सम कर उठले. मुद्रांक व नोंदणी मात्र वाढत गेली. परंतु आपल्या भागांत खालसा मुलुखाचीं आणि सांगली, मिरज, जत ह्या संस्थानांचीं गांवें एकमेकांत गुंतलेलीं होतीं, आणि ८ मार्च १९४८ रोजीं संस्थानें विलीन होईपर्यंत प्रत्येकाचा कारभार निराळा. चार कोसांवरच्या दोन गांवांतील एकाच सालच्या खतांची तुलना करणें म्हणजे दोन निराळ्या वजनांनीं धान्य मोजणें होय. खालशांत आणखी एक खुबी होती. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराच्या खतास नोंदणी सक्तीची. १९०८ च्या कायद्यांत ही मर्यादा स्पष्ट आहे. त्यामुळें नव्याण्णव रुपयांचें खरेदीखत दिसलें कीं मी तें दिव्याजवळ नेऊन दुसऱ्यानें वाचतों.

आजचीं खतें पुढील संशोधकांस सुलभ होतील, अशीही आशा नको. १९९५ च्या नियमांनंतर महाराष्ट्रांत मुद्रांकशुल्कासाठीं वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजे लोकांच्या तोंडीं असलेला रेडी रेकनर, प्रमाण झाला. खतांतील किंमत व तक्त्यावरचें मूल्य ह्यांपैकीं जें अधिक त्यावर शुल्क. साहजिकच आंकडा तक्त्याकडे पाहून लिहिण्याचा मोह होतो. महामारीच्या सालीं, १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० ह्या अवधींत, मुंबईंत पांच टक्क्यांचें शुल्क दोन टक्क्यांवर आणलें होतें, व मार्च २०२१ अखेरपर्यंत तें तीन टक्के होतें. डिसेंबरांत नोंदणीस झुंबड उडाली. शंभर वर्षांनीं केवळ खतांची संख्या मोजणारास तो महिना भरभराटीचा वाटेल. वस्तुतः लोक सवलतीची तारीख गांठीत होते. मुद्रांकशुल्क डिसेंबरांत भरून चार महिन्यांच्या आंत नोंदणी करण्यासही मुभा होती, म्हणून खताची तारीख आणि नोंदणीची तारीख ह्यांत अंतर सांपडेल तें ह्याच कारणानें.

आतां संग्राहकांस एक विनंति. संस्थानी मुद्रांकांचे शौकीन कागदाचा छापील मथळा कापून घेतात आणि खालचा मजकूर रद्दींत जातो. असे नुसतेच मथळे चिकटविलेली एक वही गेल्या वर्षीं माझ्या पाहण्यांत आली. मालकानें ती मोठ्या प्रेमानें दाखविली, म्हणून तेथें कांहीं बोलवलें नाहीं. कागद अखंड ठेवावा, आणि त्याची पाठ अवश्य पाहावी. मुद्रांक विकणाऱ्याच्या हातची नोंद तेथें असते: कागद कोणास विकला, कोणत्या तारखेस, किती किमतीचा. ती तारीख खताच्या तारखेहून बरीच आधींची निघाली, तर व्यवहार केव्हां ठरला व कागद केव्हां लिहिला गेला, ह्याचा शोध तेथूनच सुरू करावा लागतो.