संगणक शाळेत आला, पण कोणाच्या हाती?

नागपूरच्या पूर्वेला कळमना येथे बाजार समितीचे मोठे आवार आहे. तेथे धान्याच्या, मिरचीच्या, संत्र्यांच्या गाड्या उतरतात. गाड्या रिकाम्या करणाऱ्या हमालांच्या मुलांपर्यंत संगणक का पोचला नाही, हे पाहायचे तर आपल्याला १९८४ सालापर्यंत मागे जावे लागेल.

त्या सुमारास केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग व शिक्षण मंत्रालय यांनी ‘क्लास’ हा शालेय संगणक-साक्षरतेचा प्रकल्प हाती घेतला. सुरुवातीला सुमारे २५० शाळा निवडल्या गेल्या. त्यांना मिळालेले यंत्र होते बीबीसी मायक्रो. त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. आज फोनने काढलेले एक छायाचित्रही तीत मावणार नाही! अर्थात, बेसिक भाषेत छोटे कार्यक्रम लिहायला तेवढी स्मृती पुरत असे. अडचण निराळीच होती. यंत्रे मोजकी, ती चालवू शकणारे शिक्षक त्याहून मोजके आणि पडद्यावरची अक्षरे रोमन.

या शेवटच्या मुद्द्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. त्या काळी रूढ असलेल्या आस्की संकेतात १२८ क्रमांक होते, पण त्यांत ‘क’ला जागाच नव्हती. आयआयटी कानपूर येथे व पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये (स्थापना १९८८) यावर काम झाले आणि १९९१ साली ‘इस्की’ हा भारतीय मानक संकेत ठरला. मराठीतला ‘क’ आणि बंगालीतला ‘क’ यांना त्यात एकच क्रमांक आहे, ही मोठी सुरेख कल्पना! तरीही अनेक फॉन्टकर्त्यांनी आपापलेच क्रमांक वापरले. एका संगणकावर टंकलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्यावर अगम्य चिन्हांची रांग होऊन उमटे. हा त्रास युनिकोड रुळल्यावरच कमी झाला.

१९९९ साली सुगत मित्रा यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात झोपडपट्टीलगतच्या भिंतीत एक संगणक बसवला. पुढे सिंधुदुर्गातील खेड्यांतही असे संगणक लागले. माऊस कसा चालवावा हे मुले एकमेकांचे पाहून शिकली, येथवर प्रयोग पटतो. पण मग शिक्षक नसला तरी चालेल, असा जो अर्थ काही जणांनी काढला तो आम्हांला मान्य नाही. पडद्यावरच्या खिडक्या उघडता येणे वेगळे, आपला भागाकार कोठे चुकला हे कळणे वेगळे.

राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील ग्रामीण भागात १०० पैकी सुमारे ४ आणि शहरी भागात सुमारे २३ घरांत संगणक होता. इंटरनेटची सोय अनुक्रमे सुमारे १५ व ४२ घरांत होती. कळमना नागपूर शहरात मोडतो, म्हणजे त्याची गणना शहरी रकान्यात; पण सरासरीत हमालाचे घर वेगळे दिसत नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर आले, तेव्हा प्रश्न एवढाच उरला की फोन दिवसा कोणाजवळ असतो.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरून दाखवले; पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही ते आले. पुस्तक मुलाच्या दप्तरात असते. त्यातला कोड वाचणारा फोन मात्र बापाबरोबर पहाटेच आवारात गेलेला असतो.